बोंबलाचं बदक आणि मुंगसाचा हंस

नेरूळला आमच्या सोसायटीच्या मागे थोडी मोकळी जमीन आहे आणि तिच्यापलीकडे खाडी. सकाळी सातच्या सुमारास कंपाउंडच्या भिंतीवरून एक मुंगूस जातं. वॉचमनला ते ओळखतं, पण मोजत नाही. मागच्या पावसाळ्यात एकदा दोन दिसली. शाळेच्या बसची वाट बघत उभी असलेली तळमजल्यावरची सहावीतली मुलगी म्हणाली, "काका, एक मंगूस, मग दोन मंगीस ना?"

तिचा हिशेब चोख होता. इंग्रजीत एक हंस असेल तर गूस, अनेक असतील तर गीस. मग मंगूसचं मंगीस का होऊ नये? मी मास्तरकी गाजवत सांगितलं की मंगूसचं अनेकवचन मंगूसेस होतं. तिचा पुढचा प्रश्न ठरलेलाच होता. "का?" तेवढ्यात बस आली आणि मी वाचलो.

उत्तर सोपं आहे. मंगूसमध्ये गूस नाही. तो आपला मुंगूसच आहे. हा शब्द इंग्रजीने मराठीतून उचलला आणि इंग्रजीचे मोठमोठे कोश तो मराठीच्याच नावावर मांडतात. सतराव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर उतरलेल्या युरोपियनांना हा चपळ प्राणी दिसला. इथल्या माणसांनी त्याचं नाव सांगितलं, ते यांनी कानांनी टिपलं. जॉन फ्रायर नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर १६७३ च्या सुमारास मुंबई, सुरत, जुन्नर असा फिरत होता. त्याचं प्रवासवर्णन १६९८ साली लंडनला छापलं गेलं, त्यात हा प्राणी याच नावाने येतो. सुरुवातीला स्पेलिंगांचा नुसता गोंधळ होता. हळूहळू त्यातलं एक जिंकलं, आणि ते जिंकलं कारण त्याच्या शेपटाशी इंग्रजांच्या ओळखीचा पक्षी बसलेला होता. साप मारणाऱ्या प्राण्याच्या नावात हंस आहे, याचं कुणाला काही वाटलं नाही. मुंबईतच जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगने १८९४ साली 'रिक्की-टिक्की-टावी'ची गोष्ट पुस्तकात आणली आणि हा मुंगूस जगभरच्या मुलांच्या पलंगाशेजारी जाऊन बसला, नावातल्या हंसासकट.

अनोळखी शब्द कानावर पडला की माणूस त्यात ओळखीचं काहीतरी शोधतो. आरतीत 'संकटी'चं 'संकष्टी' करणारी मंडळी दर गणपतीत भेटतात. त्यांना आरती येत नाही असं नाही. चतुर्थी ओळखीची, म्हणून कान तिकडे वळतो. भाषेचे अभ्यासक याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. मी कानाचा कारभार म्हणतो. इंग्रजीतल्या निम्म्या गमती या कारभारातून झाल्या आहेत आणि त्यातल्या कितीतरी गमती नवी मुंबईत घरातून बाहेर पडल्यावर दहा मिनिटांत भेटतात.

ज्या भिंतीवरून मुंगूस गेलं ती भिंतच घ्या. कंपाउंड. शाळेत रसायनशास्त्र शिकलेल्याला हा शब्द संयुगाचा वाटणार. लॅटिनमधून आलेला, एकत्र ठेवलेलं या अर्थाचा कंपाउंड इंग्रजीत आहेच. पण घराभोवतीचं कुंपण घातलेलं आवार हा वेगळाच प्राणी. तो बहुधा मलाय भाषेतल्या कांपुंगपासून आला. कांपुंग म्हणजे वाडी, वस्ती. मलाक्का-जावाकडच्या व्यापाऱ्यांच्या वखारींतून तो शब्द भारतात आला आणि इंग्रजी कानाने त्याला आपल्या ओळखीच्या कंपाउंडचे कपडे चढवले. तिथून तो आपण घेतला, आणि आता त्याची 'कंपाउंडची भिंत' झाली आहे.

भिंतीपलीकडे खारफुटी. आपण तिला कांदळवन म्हणतो, कोळी-आगरी गावांत तिवरं म्हणतात. इंग्रजीत मँग्रोव्ह. यातला ग्रोव्ह म्हणजे राई, झाडांचा समूह, त्यामुळे नाव अगदी शोभून दिसतं. पण मूळ शब्दात राई नव्हती. कॅरिबियन बेटांकडून स्पॅनिश-पोर्तुगीज खलाशांनी मांगले, मांगे असं काहीतरी नाव आणलं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्रजी लिखाणात ते 'मँग्रो' असं दिसतं, म्हणजे आधी त्यात उगवणं ऐकू आलं आणि मग राई. उगवणं काय, राई काय, दोन्ही खाडीवर फिट्ट बसतात. चुकून ऐकलेला शब्द अर्थाने इतका बरोबर निघाला की दुरुस्तीची कुणालाच गरज वाटली नाही.

जिमखान्याचंही असंच. आधी बहुधा गेंदखाना होता, म्हणजे चेंडू खेळायची जागा. साहेबाच्या कानाला त्यात जिम्नॅस्टिक्समधला जिम ऐकू आला आणि खाना मात्र आपला राहिला. १८७५ साली बॉम्बे जिमखाना सुरू झाला, १९०६ साली पुण्यात डेक्कन जिमखाना. गेंद गेला तो गेलाच. त्याच्या जागी आलेला जिम घेऊन आपण शब्द परत घरी आणला.

बोंबलाची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि तिच्यासाठी बेलापूरला दिवाळे गावाच्या बाजूला जायला हवं, शक्यतो नाक न दाबता. ओल्या बोंबलाला हाडं जवळजवळ नसल्यासारखी, अंगात पाणीच पाणी. तो दोऱ्यांवर टांगून उन्हात वाळवला की काडीसारखा होतो आणि त्याचा वास पत्ता सांगितल्याशिवाय राहत नाही. इंग्रजीत याची दोन नावं आहेत. एक बमेलो, हा आपल्या बोंबलाचाच कानाने केलेला अवतार. दुसरं बॉम्बे डक, म्हणजे मुंबईचं बदक.

बदक का, यावर एक झकास गोष्ट सांगितली जाते. रेल्वे आली, सुके बोंबील टपालगाडीतून जाऊ लागले, गाडीच्या डब्यांना त्यांचा वास लागला, टपालगाडी म्हणजे 'बॉम्बे डाक', आणि डाकचं झालं डक. मी ही गोष्ट पहिल्यांदा लग्नाच्या पंगतीत ऐकली तेव्हा सांगणाऱ्या काकांनी रॉबर्ट क्लाइव्हलाही त्या गाडीत बसवलं होतं. गंमत अशी की क्लाइव्ह १७७४ साली वारला आणि बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली १६ एप्रिल १८५३ रोजी. शिवाय माशाला बॉम्बे डक म्हटल्याचे छापील दाखले १८२९ मध्ये आणि त्याही आधीचे सापडतात. रूळ पडायच्या आधीच बदक मुंबईत पोहत होतं. मला स्वतःला यात फौजी मेसमधला विनोद दिसतो. इंग्लंडमध्ये चीज लावून भाजलेल्या पावाला वेल्श रॅबिट म्हणत, म्हणजे वेल्सचा ससा. ज्याला मांस परवडत नाही त्याच्या ताटातल्या साध्या पदार्थाला मांसाचं नाव देऊन चिडवायचं, ही जुनी खोड.

बदकाने पुढे माणसांनाही धरलं. कंपनी सरकारच्या काळात मुंबई इलाख्यात नोकरी करणाऱ्या इंग्रजांना इतर इलाख्यांतले इंग्रज 'डक्स' म्हणून चिडवत. बंगालवाले होते 'क्वाय-हाय', कारण ते नोकराला "कोई है?" म्हणून हाक मारत. मद्रासवाले होते 'मल्स', कारण ते मुलिगटॉनी सूप ओरपत. ते सूप म्हणजे तमिळमधलं मिळगु-तण्णीर, मिरीचं पाणी. तीन इलाखे आणि तीन टोपणनावं: एक हाकेवरून, एक रश्शावरून आणि एक आपल्या बोंबलावरून.

हे सगळं ज्या कोशात वाचायला मिळतं त्याचं नावही कानाच्या कारभाराचाच नमुना आहे. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी भारतातल्या इंग्रजीत मिसळलेल्या शब्दांचा हा जाडजूड कोश रचला. बर्नेल १८८२ मध्येच वारला, पुस्तक निघालं १८८६ मध्ये. नाव हॉब्सन-जॉब्सन. ही कुणा दोन साहेबांची आडनावं नाहीत. मोहरमच्या मातमात "या हसन, या हुसेन" असा जो आक्रोश होतो, तो गोऱ्या सोजिरांना हॉब्सन-जॉब्सन असा ऐकू आला. कोशकारांनी मुद्दाम तेच नाव निवडलं. शोकाच्या हाकेचं असं करणं आज खटकतं, खटकायलाही हवं. पण शब्दांचं काय होतं ते एका शीर्षकात दाखवण्यात त्यांनी कसूर केली नाही.

कान नुसते आवाज बदलत नाही, तो शब्द कापतोही, आणि पुष्कळदा भलत्याच ठिकाणी. इंग्रजीत नामाआधी 'अ' किंवा 'ॲन' लागतो. बोलताना दोन्ही शब्द चिकटून येतात. मग तो 'न' पहिल्या शब्दाचा की दुसऱ्याचा, हे ऐकणाऱ्याने ठरवायचं. उदाहरण जवळचंच आहे. आठ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि त्याच वर्षीच्या नाताळपासून तिथून विमानं उडू लागली. विमानं जिथे उभी करतात, ज्या फरसबंद पटांगणावर त्यांच्यात सामान आणि इंधन भरतात, त्याला एप्रन म्हणतात. स्वयंपाकघरात पुढे बांधतात तोच एप्रन. मूळ शब्द नेप्रन. 'अ नेप्रन' म्हणता म्हणता 'ॲन एप्रन' झालं आणि 'न' कायमचा पलीकडे गेला. नेप्रनच्या पोटात लॅटिनमधला माप्पा आहे, म्हणजे कापड. नॅपकिन त्याच घरचा. मॅपही त्याच घरचा, कारण जगाचे नकाशे कापडावर काढत. म्हणजे पुसायचा नॅपकिन, बांधायचा एप्रन आणि वाट दाखवणारा मॅप ही तीन भावंडं. त्यांतल्या एकाचा 'न' हरवला म्हणून तो चेहऱ्यावरून ओळखू येत नाही.

नेरूळच्याच डी. वाय. पाटील स्टेडियमवर २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्या रात्री आमच्या सोसायटीत कुणी झोपलं नाही. मैदानावर जो पांढरी टोपी घालून उभा राहतो त्याचाही 'न' असाच चोरीला गेलेला आहे. अंपायर आधी नंपायर होता. फ्रेंचमधला नॉनपेर, म्हणजे जोडीत न बसणारा, विषम. दोन पक्ष भांडत असतील तर निवाड्याला तिसरा हवा, त्या दोघांच्या बरोबरीतला नसलेला. विट्टीदांडूत भिडूंची संख्या विषम निघाली की उरलेल्या पोराला आपण बाजूला बसवतो. इंग्रजांनी त्या उरलेल्याला न्यायाधीश केलं. उलटी चोरीही झाली आहे. 'ॲन एकनेम' म्हणजे जोडनाव, त्याचं 'अ निकनेम' झालं. तिथे 'न' फुकटात मिळाला.

खाडीच्या पलीकडे उरणच्या बाजूला न्हावा-शेवा. १९८९ साली सुरू झालेलं हे बंदर आज देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक. तिथल्या कचेऱ्यांत दिवसभर टॅरिफ, चेक असे शब्द फिरत असतात आणि सगळ्यांना ते अस्सल साहेबी वाटतात. टॅरिफ हा अरबी तारीफ. मूळ अर्थ कळवणं, ओळख करून देणं. भूमध्य समुद्रातल्या व्यापाऱ्यांनी मालावर काय जकात लागेल ते कळवणाऱ्या यादीला हे नाव दिलं आणि इटालियन, फ्रेंच करत ते इंग्रजीत पोचलं. तोच शब्द फारसीतून आपल्याकडे आला तो स्तुती होऊन. एकाच शब्दाची एक शाखा कर वसूल करते, दुसरी पाठ थोपटते.

चेकची वंशावळ मला सगळ्यात आवडते. बुद्धिबळात आपण राजाला शह देतो. हा शह म्हणजे फारसीतला शाह, राजा. फ्रेंचांकडे जाऊन त्याचा एशेक झाला, इंग्रजीत चेक. शह दिला की राजाची वाट अडते, म्हणून चेक म्हणजे अडवणं, मग तपासणं. पैशांच्या व्यवहारात लबाडी अडवायला कागदाचं एक टोक कापून ठेवत, त्यालाही चेक म्हणू लागले आणि शेवटी बँकेच्या त्या कागदालाच. तेव्हा कुणी "चेक वटला नाही" म्हणालं, की शह वाया गेला असं समजायला हरकत नाही.

वाशीच्या फळबाजारात तर मला शब्दांचा वास फळांआधी येतो. मँगो हा तमिळ-मल्याळममधल्या मांगापासून पोर्तुगीजांनी मांगा म्हणून नेला आणि इंग्रजांना दिला. आपला हापूस मात्र पोर्तुगीजांकडून आला, अल्फॉन्सोचा. ते नाव अफोन्सो द आल्बुकर्कवरून पडलं असं मानतात. शेजारच्या गाळ्यावर मोसंबी, म्हणजे मोझांबिकची. त्यापुढे नागपूरची संत्री, ज्यांना इंग्रजीत ऑरेंज म्हणतात. तो संस्कृतातला नारंग, फारसीत नारंग, अरबीत नारंज, स्पॅनिशमध्ये नारांहा, आणि फ्रेंचांकडे पोचेपर्यंत पुढचा 'न' गळून ऑरेंज. एप्रनवाला चोर तिथेही येऊन गेला होता. पेट्या उचलणाऱ्या माथाडीला यातलं काही सांगायला गेलं तर तो म्हणेल, "साहेब, बाजूला व्हा," आणि ते बरोबरच आहे.

कानाच्या कारभारात साहेबच दोषी आहे असा समज होऊ नये. लॉर्डसाहेबाचा आपण लाटसाहेब केला, जणू तो समुद्रातून उसळून आला होता. गॅसलाइटचं घासलेट केलं आणि दिव्याचं नाव तेलाला दिलं. पण आपली खरी कामगिरी टमरेल. इंग्रजीत टंबल म्हणजे कोलमडणं. जुने टंबलर बुडाशी गोल किंवा टोकदार असत, खाली ठेवले की आडवे व्हायचे, म्हणून हातात घेतलेलं पेय संपवूनच ठेवायचं. मेजवानीतला तो डौलदार पेला मराठीत आला आणि त्याचं टमरेल झालं. त्याचा उपयोग पहाटे कशासाठी होई ते चाळीत राहिलेल्यांना सांगायला नको.

आपल्या गावांची नावंही इंग्रजीने घेतली आणि ती मुंबईपासून फार लांबची नाहीत. डंगरी हे जाड निळं कापड, त्याच कापडाची कामगारांची आणि आता लहान मुलांची खांदेपट्टीची विजार. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात, ज्याची पहिली आवृत्ती १८३१ ची, 'डोंगरी' कापडाची नोंद आहे. डोंगरी किल्ल्याजवळच्या वस्तीत विकलं जाणारं साधं देशी कापड, मग कुठलंही स्वस्त जाडंभरडं कापड. किल्ला मुंबईचा. त्या भागात वाढलेल्या माणसाला लंडनच्या दुकानात आपल्या मोहल्ल्याचं नाव लेबलवर दिसतं, ते असं.

दुसरं गाव नाशिकजवळचं देवळाली. १८६१ साली तिथे फौजेची छावणी झाली. हिंदुस्थानातली नोकरी संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाण्यासाठी तिथे जमत. मुंबईहून फौजेची जहाजं सुटत ती फक्त हिवाळ्याच्या महिन्यांत. ज्याची मुदत मार्चमध्ये संपली तो पुढचा हिवाळा येईपर्यंत अडकून पडे. कवायत नाही, लढाई नाही, काम नाही. वर ऊन, खाली धूळ, हातात पगार आणि जवळ दारू. कुणाला हिवताप, कुणाला गुप्तरोग, कुणी मारामारी करून कोठडीत, कुणी नुसता बडबडत बसलेला. अशा माणसाला बाकीचे म्हणत, याला 'डुलाली टॅप' झालाय. डुलाली म्हणजे देवळाली. आणि टॅप? इंग्रजांना त्यात डोक्यावर मारलेली टपली ऐकू येई. मराठी माणसाला दुसरं काही ऐकू येणं शक्यच नाही. देवळाली ताप! फारसीतला तप म्हणजे ज्वर, संस्कृतातल्या तापाचा सख्खा चुलता. डोक्याला ताप होणं या अर्थाने आपण जे रोज म्हणतो, तेच त्या कंटाळलेल्या शिपायांनी गावाच्या नावासकट उचललं.

फ्रँक रिचर्ड्स नावाच्या वेल्श शिपायाने १९३६ साली छापलेल्या आठवणींत हा शब्द समजावून सांगितला आहे. पुढे ताप गळला आणि नुसतं डुलाली उरलं. आज ब्रिटनमध्ये आजीबाईसुद्धा एखाद्या विसराळू म्हाताऱ्याबद्दल सहज म्हणून जाते, तो जरा डुलाली झालाय. १९७४ साली बीबीसीने सुरू केलेली एक विनोदी मालिका सुरुवातीला देवळालीच्या छावणीतच घडवली होती. देवळालीला हवापालटाला जाणाऱ्या, तिथल्या थंड हवेची तारीफ करणाऱ्या आपल्या लोकांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. ज्या गावी डोकं शांत करायला जायचं, त्याच गावाच्या नावाने इंग्रजीत डोकं फिरतं.

एक इशारा मात्र देतो, कारण या विषयात भाबडेपणा लवकर शिरतो. पाम बीच रोडवरच्या फ्लॅटच्या जाहिरातीत पॉश हा शब्द हमखास असतो. त्याची व्युत्पत्ती सांगणारे म्हणतात, विलायतेहून मुंबईला येणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर श्रीमंत प्रवासी जाताना डाव्या आणि परतताना उजव्या बाजूची सावलीतली खोली घेत. त्या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं तिकिटावर छापलेली असत, तोच पॉश. असं छापलेलं एकही तिकीट कुणाला आजवर सापडलेलं नाही. न्यूजमध्ये चार दिशा आहेत, ही तशीच दुसरी थाप. न्यूज म्हणजे नुसत्या नव्या गोष्टी. आद्याक्षरं जोडून शब्द करायची खोड मुख्यतः विसाव्या शतकातली. जुन्या शब्दाच्या पोटात कुणी आद्याक्षरं दाखवली, की आधी खिसा सांभाळावा. कंपनी, तिकीट, बोट असा बारीक तपशील जितका जास्त, तितका संशय घ्यावा. रेल्वेतल्या बदकासारखं.

गेल्या आठवड्यात भिंतीवर पुन्हा हालचाल झाली. एक मोठं आणि त्यामागे दोन पिल्लं, शेपट्या सरळ, रांगेत. मी गॅलरीतून मुलीला हाक मारली आणि खाली आलो. मुंगूस मराठीतून गेला, फ्रायरने लिहिला, हंस मागाहून बसला, असं सगळं सांगायची माझी तयारी होती. ती भिंतीकडे बघत ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "काका, हळू. मुंगसं पळतील."